तुटक रेषेतला दिवा

भास्कर सुखदेवे कोणाच्याही घरी पहिल्यांदा गेला की चहा येईपर्यंत त्या घराचा नकाशा काढून मोकळा व्हायचा. कागद कुठलाही चालायचा. लग्नपत्रिकेची मागची बाजू, औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा, एकदा तर बसचं तिकीट. शर्टाच्या खिशात दोन पेन्सिली कायम असत, एक कडक शिशाची, एक मऊ. भिंती, खिडक्या, दारं कोणत्या बाजूला उघडतात ते दाखवणारे पाव गोल, आणि वर कोपऱ्यात उत्तरेचा बाण. यजमान खूश होऊन कागद हातात घेत आणि तेवढ्यात सुखदेवे म्हणे, "तुमचं न्हाणीघर चार बोटं तिरपं आहे जी."

माझ्या घरी आला तेव्हा माझ्या बायकोला म्हणाला, "वहिनी, वरून पाहिलं तं तुमचं घर एक नंबर आहे. आतून पाहिलं तं पसारा आहे."

ती म्हणाली, "मंग वरूनच पाहात जा न भाऊजी. तुमचा च्या छतावर पाठवून देतो."

हे वरून बघणं त्याच्या हाडात मुरलं होतं. चौतीस वर्षं आम्ही नागपूरच्या एका सरकारी नकाशा कार्यालयात एकत्र काढली. मी मोजणीदार. उन्हातान्हात साखळी आणि टेप घेऊन जागेवर जायचं, आकडे फील्डबुकात लिहून आणायचे. तो आरेखक. माझ्या आकड्यांवरून तो नकाशा काढायचा. तो स्वतः जागेवर कधीच येत नसे. साहेबांनी जीप देऊ केली तरी नाही. "जो काढते त्यानं मोजू नाही," तो म्हणे. "दोन्ही एकाच माणसाच्या हातात दिलं का तो आपल्या मनात आहे तेच मोजून आणते." प्रत्येक नकाशाच्या खाली दोन चौकटी असत. डाव्या चौकटीत 'मोजणी करणार', तिथं माझी सही. उजव्या चौकटीत 'आरेखन करणार', तिथं त्याची. अशा जोडसह्यांचे शेकडो नकाशे आजही त्या कार्यालयाच्या कपाटांत पडले असतील.

एक मात्र तिथं नाही. तो सुखदेवेच्या मुलीकडे, करुणाकडे, उमरेडला आहे. त्याच्यावरची माझी सही खोटी आहे.

हे मी अजून कोणाला सांगितलेलं नाही. मी आता शहात्तर वर्षांचा आहे. आणखी थांबलो तर सांगायचं राहून जाईल. पण नुसतं माझं खोटं लिहिलं तर सुखदेवे एक भोळा म्हातारा वाटेल, आणि तो भोळा मुळीच नव्हता.

नोकरीची पहिली पाच-सहा वर्षं झाली असतील. कळमेश्वरच्या बाजूला एका मोठ्या जमिनीची मोजणी होती. मे महिना होता. सहा कोपऱ्यांची जागा, पाच बाजू मोजल्या आणि सहावीला माझं अंग गळून गेलं. मी कडुलिंबाच्या झाडाखाली बसलो, पाच बाजूंवरून सहावीचं गणित केलं आणि आकडा लिहून टाकला. दुसऱ्या दिवशी सुखदेवेनं मला टेबलाशी बोलावलं.

"भोयर, सहावी बाजू किती वाजता मोजली?"

"दुपारी. काहून?"

"एकदम जुळली गा. सुरू केलं तिथंच येऊन टेकली. बोटभर फरक नाही."

"मग चांगलंच झालं ना."

"खरी मोजणी अशी जुळत नसते." तो पेन्सिलीनं माझ्या आकड्यावर हळूच टिचक्या मारत होता. "साखळी उन्हानं वाढते, टेप ढिली पडते, माणूस वाकडा उभा राहते. थोडी चूक राहिली का समजायचं, माणूस तिथं गेलता."

साहेबांना त्यानं सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःची छत्री आणि पाण्याची सुरई माझ्या हातात दिली आणि मला परत पाठवलं. या वेळी आकडा वीतभर चुकला. सुखदेवेनं तो बघितला आणि प्रसन्न होऊन म्हणाला, "आता जमलं."

दुसरी आठवण प्लँचेटची. आमच्या हेडक्लार्कना त्याचा नाद लागला होता. जेवणाच्या सुट्टीत एका पुठ्ठ्यावर गोल अक्षरं लिहायची, मधे वाटी पालथी घालायची, तीन जणांनी तिच्यावर बोट टेकवायचं आणि वारलेल्या एका जुन्या साहेबांना बोलवायचं. साहेब येत. बदल्या कधी होणार ते सांगत. वाटी सरसर अक्षरांवर फिरे आणि लोक डबे उघडायचं विसरत. एक दिवस सुखदेवे म्हणाला, "डोळे बांधून करा न जी. साहेबाले तं दिसतेच." पटलं सगळ्यांना. तिघांचे डोळे रुमालांनी बांधले, आणि सुखदेवेनं आवाज न करता पुठ्ठा पाव फिरवून ठेवला.

वाटी तशीच सरसर फिरली. ठामपणे, न अडखळता. मी अक्षरं लिहून घेत होतो. त्यांतून एकही शब्द निघेना. ढ, झ, परत ढ, ळ.

"जिवंत होते तवा मराठी येत होती साहेबाले," सुखदेवे म्हणाला. "आता उत्तर दिशा बी समजून नाही राहिली."

सगळं ऑफिस हसलं. हेडक्लार्क महिनाभर त्याच्याशी बोलले नाहीत. पण मला जे आठवतं ते दुसऱ्या दिवसाचं. सुखदेवे स्वतः चहा घेऊन त्यांच्या टेबलाशी गेला. "राग धरू नका. तुम्ही फसवत नव्हते. तुमच्या बोटाले जिथं जायचं होतं तिथं ते जात होतं, अन् तुम्हाले पत्ता नव्हता." मग जागेवर परत येऊन मला म्हणाला, "खोटं बोलणारा माणूस पकडता येते गा. हे असं कसं पकडायचं?"

आत्मा, पुनर्जन्म, भूतपिशाच यातलं काहीही तो मानत नसे. त्याचे वडील उमरेडचे, हातमागावर लुगडी विणायचे. छप्पन साली दीक्षेसाठी ते चालत नागपूरला आले तेव्हा पाच वर्षांचा भास्कर त्यांच्या खांद्यावर होता. "बापानं आत्मा तिथंच मैदानात ठेवून देला," तो सांगे, "अन् मोकळ्या अंगानं घरी आला. जाताना मी खांद्यावर जड लागत होतो, येताना नाही लागलो म्हणे." हे सांगताना तो हसे, पण थट्टा नसे त्यात. त्याची बायको सुमन निवृत्तीनंतर दोन वर्षांनी गेली. भेटायला येणारा प्रत्येक जण आत्म्याला शांती लाभो म्हणत होता आणि तो प्रत्येकाला हात जोडत होता. सगळे गेल्यावर मला म्हणाला, "सुमन मेली. कुठं गेली नाही, मेली. हे मले सहन होते. ती कुठंतरी आहे अन् मले भेटत नाही, हे नाही सहन होणार."

अशा माणसाच्या बाबतीत ते घडलं.

चार वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत त्याच्या पोटातला अल्सर फुटला. एका लहानशा खाजगी हॉस्पिटलात ताबडतोब ऑपरेशन झालं. टेबलावर असताना त्याचं हृदय काही क्षण थांबलं होतं, असं डॉक्टरांनी नंतर करुणाला सांगितलं. आठव्या दिवशी मी भेटायला गेलो. चेहरा पार उतरला होता.

"भोयर, हसू नको," तो म्हणाला. "मी वर होतो."

"कुठं वर?"

"छताशी. कोपऱ्यात. खाली मी निजलो होतो. पोट उघडं. चार जण, हिरव्या टोप्या. भिंतीशी लोखंडी कपाट. कपाटाच्या डोक्यावर एक टेबलफॅन पालथा... नाही, उताणा पडला होता. जाळी नव्हती त्याले. तीन पाती, धूळ बसलेली." त्यानं दम घेतला. "मी आत गेलो तवा आडवा होतो गा. कपाटाचं डोकं मले दिसू शकत नाही. आलो तवा बेहोश."

राऊंडला आलेल्या तरुण डॉक्टरला त्यानं हेच सांगितलं. डॉक्टर समजूतदार होता. म्हणाला, "काका, भुलीचं औषध, रक्तदाब खाली गेलेला, मेंदूला ऑक्सिजन कमी. अशा वेळी मेंदू स्वतःच एक चित्र रचतो. बऱ्याच पेशंटना होतं."

"पटलं," सुखदेवे म्हणाला. "मीबी हेच म्हणलं असतं. फक्त कपाटावर पंखा आहे का तेवढं पाहून द्या."

डॉक्टर हसला, त्याच्या खांद्यावर थोपटलं आणि पुढच्या खाटेकडे गेला. शेजारच्या पेशंटची बायको हे ऐकत होती. ती पदर सावरत म्हणाली, "तुमचा आत्मा फिरून आला जी. देवानं परत धाडला."

"बाई, माह्याजवळ आत्मा नाही," सुखदेवे म्हणाला. "दुसऱ्या कोणाचा असन. बाजूच्या खाटंवर विचारा."

घरी सोडताना डॉक्टरांनी दुसरी गोष्ट सांगितली. त्याच्या हृदयाची एक झडप चुन्यासारखी कडक झाली होती. दोन-तीन महिन्यांत छाती उघडून ती बदलायला हवी होती. बदलली तर आणखी दहा वर्षं सहज, नाही तर वर्ष निघणं कठीण. करुणा उमरेडच्या शाळेत शिकवते. तिनं रजेचा अर्जही लिहून ठेवला.

मार्चमध्ये त्यानं मला घरी बोलावलं. ड्रॉइंग बोर्ड भिंतीवरून खाली काढून पलंगावर ठेवला होता. त्याच्यावर ट्रेसिंग पेपर ताणलेला, आणि त्याच्यावर ऑपरेशनची ती खोली, वरून. एकास वीस प्रमाण. टेबल, टेबलावर माणसाची आकृती, भोवती चार डोकी, भिंतीशी कपाट, कपाटावर तीन पात्यांचा पंखा. कोपऱ्यात उत्तरेचा बाण. खाली दोन चौकटी. उजवीत त्याची सही होती. डावी रिकामी.

"तू जाऊन पाहून ये," तो म्हणाला.

त्या हॉस्पिटलात आमच्या कुही गावचा परसराम ऑपरेशन थिएटरच्या साफसफाईवर होता, हे त्याला माहीत होतं. मी म्हटलं, "परसरामला मोबाइलवर फोटो काढायला सांगतो."

"फोटो नको. परसरामबी नको. तू शिडीवर चढ, पाहा, अन् फील्डबुकात लिही. चौतीस वर्षं मी तुह्या आकड्यावर रेघ मारली. अजून एकदा मारतो." मग त्यानं जे सांगितलं ते मी शब्दशः लिहितो, कारण मला ते शब्दशः आठवतं. "पंखा असन, तं मी चुकलो, माहा बाप चुकला, अन् सुमन कुठंतरी आहे. मंग मी छाती फाडून घेत नाही. कायले? आपलं आपण जाईन. पंखा नसन, तं जे आहे ते एवढंच आहे, अन् मंग ते वाचवाच लागन. सोमवारी भरती होतो."

"तुला काय पाहिजे? असावा की नसावा?"

त्यानं हातातली पेन्सिल बोर्डावर ठेवली. "सकाळी वाटते नसावा. संध्याकाळी सुमनचा फोटो दिसला का वाटते असावा. म्हणून तं मी जाऊन नाही राहिलो. मी गेलो तं पाहिजे तेच दिसन मले."

मी नकाशा पुन्हा बघितला, आणि तेव्हा मला ते दिसलं. टेबलाच्या बरोब्बर वर, छताला टांगलेला मोठा गोल दिवा त्यानं काढला होता. तुटक रेषेत. आमच्या कामाचा तो नियमच आहे. नकाशा काढायचा तर खोली एका ठरावीक उंचीवर आडवी कापली असं धरायचं, त्याच्या खालचं सगळं ठळक, आणि डोक्यावरचं काही दाखवायचं असेल तर तुटक रेषेनं. पण खरंच कोणी छताशी जाऊन खाली बघेल तर त्याला आधी दिव्याची पाठ दिसेल. दिव्याखालचं उघडं पोट दिसणार नाही. सुखदेवेनं पोट ठळक काढलं होतं आणि दिवा तुटक. हे डोळ्यांनी बघितलेलं नव्हतं. हे चौतीस वर्षं नकाशे काढलेल्या हाताचं काम होतं. हेडक्लार्कच्या बोटासारखंच.

कदाचित तसं नसेलही. कदाचित त्याला वेगळं दिसलं असेल आणि कागदावर उतरताना हातानं सवयीनं तुटक रेष मारली असेल. मला ठाऊक नाही. पण मी तेव्हा नुसतं बोट ठेवून "हा दिवा बघ" म्हटलं असतं, तर त्याला क्षणात कळलं असतं. कपाळावर हात मारून घेतला असता, हसला असता, आणि सोमवारी भरती झाला असता.

मी बोललो नाही. माझा मुलगा अमोल आदल्या वर्षी कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेला होता. अडतीस वर्षांचा. गुंडाळलेलं प्लास्टिक तेवढं लांबून दाखवलं, चेहरा दाखवला नाही. सुखदेवेसारख्या माणसानं, ज्यानं जन्मभर आत्मा नाही म्हटलं त्यानं, 'आहे' म्हणावं, असं मला हवं होतं. देवळातल्या कोणी म्हटलं असतं तर मला पटलं नसतं. त्यानं म्हटलेलं पटलं असतं.

रविवारी सकाळी मी हॉस्पिटलात गेलो. परसरामनं शिडी आणून दुसऱ्या मजल्यावर थिएटरच्या दाराशी टेकवून ठेवली होती. म्हणाला, "बसा भाऊ, फरशी पुसून राहिले. पंधरा मिनिटं लागतीन." मी बाकावर बसलो. समोर ती शिडी. पंधरा मिनिटांत मला कळणार होतं. आणि मला एकदम भीती वाटली. कपाटावर काही नसलं, तर सुखदेवे जगेल, आणि अमोल मात्र नुसता मेलेला राहील. कुठं गेलेला नाही, मेलेला.

मी उठलो, जिना उतरलो आणि रस्त्यापलीकडच्या टपरीवर चहा घेतला. फील्डबुक मांडीवर उघडलं आणि लिहिलं: 'कपाटावर टेबलफॅन. उताणा. जाळी नाही. पाती तीन.'

लिहून झाल्यावर वाटलं, हे फार बरोबर आहे. तो पकडेल. पान फाडलं आणि दुसऱ्या पानावर लिहिलं, 'पाती चार.'

सुखदेवे कूलरसमोर बसला होता. त्यानं पान दोनदा वाचलं.

"चार?"

"चार."

"मी तीन काढली."

"तुझी एक राहिली."

त्यानं डोळे मिटले. मग हळूच म्हणाला, "खरंच गेलता तू." मला पेन दिलं. मी डाव्या चौकटीत सही केली. सही नेहमीसारखीच आली, हेही लिहून ठेवतो.

त्यानं ऑपरेशनला नकार दिला. करुणा रडली, भांडली. "बाबा, एका पंख्यापायी?" तो शांतपणे म्हणायचा, "पंख्यापायी नाही वं बाई. भोयरनं मोजलं आहे." ती एकदा माझ्या घरी आली. उमरेडची बस पकडून, शाळा अर्ध्यावर सोडून. म्हणाली, "काका, ते फक्त तुमचं ऐकतात. तुम्ही सांगा न." मी म्हणालो, "मी सांगून पाहिलं बेटा." तेही खोटं.

सुरुवातीचे तीन महिने तो आनंदात होता. त्याला असं मी कधी बघितलं नव्हतं. सुमनशी मनातल्या मनात बोलतो, असं लाजत लाजत सांगायचा. एकदा माझा हात धरून म्हणाला, "अमोलबी असन गा. भेटला तं काय सांगू त्याले?" मी त्याला निरोप सांगितला. सविस्तर सांगितला. घरी येऊन माझ्या बायकोलाही सांगितलं आणि वर्षानंतर प्रथमच आम्ही दोघांनी अमोलच्या आवडीचा वडाभात केला. ते तीन महिने माझे सुखाचे गेले. त्या सुखाची किंमत कोण देत होतं हे मला माहीत होतं, तरी ते सुखाचे गेले. मला सर्वांत जास्त लाज याची वाटते.

मग त्याचे पाय सुजू लागले. दोन वाक्यांच्या मधे दम लागू लागला. पलंगावर तो दुपारभर डोळे मिटून पडून राही. मी विचारलं तर म्हणे, "वर जाता येते का पाहून राहिलो." येत नव्हतं. मी दोनदा खरं सांगायला म्हणून घरून निघालो. एकदा तो झोपला होता. एकदा तो जागा होता, आणि मी क्रिकेटबद्दल बोलून परत आलो. ऑक्टोबरच्या सुरुवातीला डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. आता हृदय ऑपरेशन सोसणार नाही, म्हणाले, वेळ गेली. मुलीला तुम्हीच सांगा, म्हणाले. मी करुणाला सांगितलं नाही.

तो गेल्यावर महिन्याभरानं मी त्या हॉस्पिटलात गेलो. या वेळी खरंच बघायला. थिएटर वरच्या मजल्यावर हलवलं होतं, नवं, एअरकंडिशन केलेलं. जुन्या खोलीत सलाइनची खोकी रचली होती. लोखंडी कपाट भंगारात गेलं होतं. परसरामला विचारलं, "कपाटावर पंखा होता का गा?" त्यानं आठवून पाहिलं. "असन भाऊ. नसनबी. वर कोन पाहते?" म्हणजे सुखदेवे खरंच वर गेला होता, की त्याच्या मेंदूनं गोष्ट रचली होती, हे आता कोणालाच कधी कळणार नाही. एवढा एकच प्रश्न त्यानं आयुष्यात मला मोजून आणायला सांगितला होता, आणि तो मोजता येत होता. एक शिडी चढायची होती.

शेवटचं त्याला बघितलं ते जाण्याच्या तीन दिवस आधी, दुपारी. करुणा रजा घेऊन आली होती, आत भाताची पेज करत होती. तो तीन उशांना टेकून बसला होता, आडवा होऊ शकत नव्हता. नाकाशी ऑक्सिजनची नळी. मला खूण करून जवळ बोलावलं.

"भोयर. काहीच होऊन नाही राहिलं गा."

"काय?"

"वर जाता नाही येत. इथंच आहे मी." छातीवर बोट ठेवलं. "इथं. गुदमरून राहिलो. सुमन नाही, कोणी नाही." त्याच्या डोळ्यांत जे होतं ते मी त्याच्या डोळ्यांत कधी बघितलं नव्हतं. तो घाबरला होता. "तू पाहिलता ना पंखा?"

"पाहिला ना."

"किती पाती?"

"तीन," मी म्हणालो.

मी पंखा कधी बघितलाच नव्हता. बघितला होता तो त्याचा नकाशा, आणि नकाशात तीन होती; चार मी टपरीवर बसून नुसती लिहिली होती. तोंडातून निघून गेल्यावर मला ते ऐकू आलं. त्यालाही आलं.

तो रागावला नाही. माझ्याकडे बघत राहिला, मग नजर काढून घेतली. नळीतून दोन-तीन श्वास ओढले आणि जेवढा आवाज निघाला तेवढ्यानं हाक मारली, "करुणा. करुणा वं."

ती हातात पळी घेऊन धावत आली.

"डॉक्टरले फोन लाव," तो म्हणाला. "विचार त्याहीले. ऑपरेशन आता होते का."

करुणानं आधी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिला वाटलं, मीच त्याला समजावलं. "काका," एवढंच म्हणाली, आणि तिचा चेहरा उजळला. पेज फरशीवर गळत होती. तशीच पळी हातात धरून, हसत, ती उशीखाली फोन शोधू लागली.